बाई, त्या वेलीचं एक नाव राहिलं

बाई,

तुमच्या सुजातानं मला चार कोरे ताव दिले आहेत. म्हणाली, "दादा, आत्याबद्दल आठवेल ते लिहा. आत्याच्या चित्रांचं पुस्तक काढायचंय, त्यात पहिल्यांदा तुमचंच घालू." मी म्हणालो, पोरी, माझी शाळा दुसरीपर्यंतची, तीही अर्धी गुरांमागं गेली. तर म्हणाली, "आत्याच्या पत्रांना उत्तरं लिहायचात की." ती उत्तरं म्हणजे दोन ओळी असायच्या. पाऊस बरा आहे. या एकदा. आता तुम्हाला 'या एकदा' लिहून काय उपयोग.

बाकीचे काय लिहितील ते मला माहीत आहे. चित्रकलेच्या बाई, किती वर्षं नोकरी, किती पोरं हाताखालून गेली, स्वभाव कसा होता. ते त्यांनी लिहावं, त्यांचं अक्षर चांगलं आहे. मला तुमच्याशी फक्त एका वेलीबद्दल बोलायचं आहे. ते तुम्ही होता तेव्हा बोलायला पाहिजे होतं. अकरा वर्षं हातात होती आणि मी ती वांझ घालवली.

तुम्हाला पहिला दिवस आठवतो का? हरसूलचा बाजार होता. भादवा लागला होता, गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या. आमची घरवाली चांगुणा बाजारात तेरड्याच्या जुड्या मांडून बसली होती आणि मी तिच्या मागं पोत्यावर बसून विडी ओढत होतो. तुम्ही शाळेतल्या दोन बाईंबरोबर एसटीतून उतरलात त्या भांडतच. कंडक्टर दारातून तुम्हाला म्हणत होता, "मॅडम, फुलासाठी गाडी थांबत नसती, ही लाल गाडी हाय, टांगा नाय." आणि तुम्ही म्हणत होतात, "म्हणजे म्हातारीनं हात केला की थांबता, मी हात केला तर नाही?" सगळा बाजार बघत होता. तुमच्याबरोबरच्या जाड्या बाई हसून म्हणाल्या, "आमच्या या बाई जातील तिथं भांडण लावतात. काल शाळेत शिपाई, आज कंडक्टर." लोक अजूनच हसले. तुम्हीही हसलात.

आणि तशाच हसत तुम्ही चांगुणासमोर आलात. तिच्या जुड्यांत दोन-चार वेगळी फुलं खोचलेली होती. त्यातलं एक तुम्ही उचललंत, डोळ्यांसमोर धरलंत. सहा पाकळ्या, कडा मुरडलेल्या, आणि सगळ्या उलट्या वर वळलेल्या, जसा चुलीतला जाळ वर जातो. खाली पिवळ्या, वर लाल. तुम्ही माझ्याकडं बघून विचारलंत, "दादा, हिचं नाव काय?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? आमच्याकडं त्या वेलीचं जे नाव आहे, तेच नाव दोघांत भांडणं लावणाऱ्या बाईला देतात. वेल तीच, शिवी तीच. आत्ताच तुमची मैत्रीण तुम्हाला तेच म्हणाली होती आणि बाजार हसला होता. मी ते नाव घेतलं असतं तर पन्नास माणसं पोट धरून हसली असती आणि एक शहरातली बाई, माझ्याकडं मान वर करून विचारणारी, माझ्यामुळं खाली बघत परत गेली असती. मी म्हणालो, "गौराईचा हात."

हे नाव खोटं नाही. कोकणाकडची माणसं म्हणतात तसं. गौरीजवळ ती फुलं ठेवतात. तुम्हाला ते नाव एवढं आवडलं की तुम्ही तिथल्या तिथं वही काढलीत. "आमच्याकडे गौरी बसत नाहीत दादा, आम्ही बौद्ध. पण नाव किती गोड आहे." मग लगेच पुढचा प्रश्न. "औषधाला लागते का?"

बाई, इथं मी घसरलो. ती कशाला लागते ते बायकांनी बायकांना सांगायचं काम आहे. माझी आई सुईण होती म्हणून मला ते माहीत. बाजारात, पोत्यावर बसून, विडी हातात घेऊन ते मी तुम्हाला कसं सांगणार? 'माहीत नाही' म्हणायचं होतं. पण माझ्या रानातल्या झाडाबद्दल मला माहीत नाही, हे वाक्य तोवर माझ्या तोंडातून कधी निघालेलं नव्हतं, आणि तुमच्याबरोबरच्या जाड्या बाई माझ्याकडं अशा बघत होत्या की याला काय माहीत असणार. मी करांद्याचं, त्या रानातल्या खायच्या कंदाचं, सांगून टाकलं. म्हणालो, "कंद उकडून खात्यात. पोटाला थंड." चांगुणानं मला कोपरानं ढोसलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

तुम्ही लिहिलंत. मग विचारलंत, "तुमचं नाव?" मी सांगितलं. तेही लिहिलंत. 'माहिती : लहानू, हरसूल.'

त्या वेलीचा कंद विष आहे, बाई. उकडलं तरी विषच. हे मी आज लिहितो आहे.

तुम्ही परत येणार नाही असं मला वाटलं होतं. शहरातून फुलं बघायला माणसं येतात, एकदा येतात. तुम्ही पुढच्याच आठवड्यात आलात, एकट्या, खांद्याला पिशवी, त्यात रंगाच्या वड्या आणि पाण्याची बाटली. चांगुणा म्हणाली, "आली बघा तुमची बाई. आता सांगा खरं, मोकळं व्हा." मी म्हणालो, सांगतो. तुम्ही आमच्या ओट्यावर बसलात, चित्र काढलंत, चहा घेतलात, आणि मी सांगितलं नाही. कारण तुम्ही भांडायला लागलात.

तुम्हाला फुलाचा खरा रंग पाहिजे होता. मागच्या आठवड्यात ते तांबडं होतं, आज तुमच्या हातातलं पोपटी-पिवळं होतं. "दादा, हे वेगळं झाड आहे." मी म्हणालो, तेच हाय. "मग रंग?" मी तुम्हाला बांधाला नेलं. करवंदीच्या जाळीवर वेल चढली होती. मी दाखवलं, ही फुलं खालून वर लागतात. खालचं फूल म्हातारं, ते लाल. मधलं नवरदेव, ते केशरी. वरचं पोर, ते पिवळं, त्याला अजून हिरवटपणा. एकाच वेलीवर एकाच दिवशी सगळे. रोज एकेक पायरी चढतं. तुम्ही तोंडावर हात ठेवून बघत राहिलात. मग म्हणालात, "म्हणजे मी आतापर्यंत खोटं चित्र काढत होते. एका चित्राला एकच रंग." आणि ते चित्र तुम्ही फाडलंत. मी ओरडलो, अहो बाई, काय करता. तुम्ही म्हणालात, "चुकीचं ठेवून काय करू?"

हे वाक्य मला किती वर्षं टोचत आलं, ते तुम्हाला आता कसं कळणार.

तीन दिवस तुम्ही हरसूलला राहिलात त्या वेलीसाठी. एकाच कागदावर सगळे रंग आणलेत. पानाच्या शेंड्याला जो आकडा असतो, ज्यानं ती वेल दुसऱ्या झाडाला धरून वर चढते, तोही काढलात. मी म्हणालो होतो, फूल नसलं तरी त्या आकड्यावरून ओळखायची. फुलं संपली, नुसतं पान राहिलं, तरी आकडा सांगतो. ते मात्र खरं सांगितलं होतं. कंद तुम्ही काढला नाही. जमिनीखालचं काढायची तुमची रीत नव्हती. काढला असता तर तो दोन फाट्यांचा कंद, लहान नांगरासारखा, चित्रात आला असता, आणि करांद्याशी त्याचा मेळ नाही हे कोणालाही दिसलं असतं. तुम्हीच विचारलं असतंत. मग मी सांगितलं असतं. असं मी मनाला सांगतो. पण ते खरं नाही. तुम्ही विचारलं असतंत तर मी अजून एक थाप मारली असती. माझ्या जातीचा माणूस एकदा खुंटा ठोकला की हलवत नाही.

मग तुम्ही दरवर्षी यायला लागलात. श्रावणात, भादव्यात, कधी फाल्गुनात पळस धायटी फुलते तेव्हा. किती फुलं मी तुम्हाला दाखवली त्याचा हिशोब नाही. तुमच्या वहीत माझं नाव पानापानावर आलं, आणि ते सगळं खरं आहे, बाई, एक पान सोडून. मी शेवटपर्यंत हे सांगत राहीन.

आणि वाचायला. पाड्यावर साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा मी गेलो नाही. नातवाच्या वयाचा मास्तर मला 'अ' शिकवणार, ते मला जमणार नव्हतं. तुम्ही आग्रह केला नाहीत. पुढच्या खेपेला चित्रांची फाइल आणलीत आणि म्हणालात, "दादा, माझा चष्मा राहिला. खाली काय लिहिलंय जरा बघता का?" चष्मा तुमच्या पिशवीतच होता, त्याची दांडी बाहेर दिसत होती. मला कळलं होतं आणि मला कळलं हे तुम्हाला कळलं होतं. मी बोट ठेवून वाचायला लागलो. पहिल्या चित्राखालीच. गौ. रा. ई. चा. हात. मग खालची ओळ. कंद उकडून खातात.

आयुष्यात मी सलग वाचलेली पहिली ओळ माझीच थाप होती. तुम्ही टाळी वाजवलीत. चांगुणा आतून बाहेर आली, बघितलं, आणि पदर तोंडाला लावून परत आत गेली. हसली का रडली ते मी आजवर विचारलं नाही.

त्यानंतर तुमची कार्डं यायला लागली. पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरात पाच ओळी, कोपऱ्यात एक इवलंसं फूल. मला वाचता यावं म्हणून जोडाक्षरं टाळायच्यात. 'प्रकृती कशी आहे' लिहायचं तर 'बरे आहात ना' लिहायच्यात. ती कार्डं माझ्याकडं पत्र्याच्या डब्यात आहेत. सुजाता मागत होती पुस्तकासाठी. मी दिली नाहीत. हा माझा हट्ट आहे असं समजा.

आता कुंडीचं सांगतो.

त्या वर्षी आषाढात मी नाशिकला आलो होतो. द्राक्षाच्या बागेतल्या मुकादमाकडं काम होतं, तिथून तुमच्याकडं गंगापूर रोडला आलो. नागलीचे पापड आणले होते चांगुणानं दिलेले. तुम्ही गॅलरीत नेलंत मला, "दादा, एक गंमत दाखवते." लोखंडी जाळीला वेल चढली होती. पानाच्या शेंड्याला आकडा. तो आकडा बघितला आणि मी वेल ओळखली. तुम्ही म्हणत होतात, "मागच्या दिवाळीनंतर तुमच्या बांधावरून कंद उकरून आणला. तुम्हाला सांगितलं नाही, चोरी म्हणाल. आणि काय सांगू, दोन वर्षांत कंद मोठा झाला की उकडून बघणार आहे. तुम्ही म्हणता पोटाला थंड."

मी कुंडीत हात घातला आणि वेल मुळासकट उपटली. माती तुमच्या पायांवर, फरशीवर. दोन फाट्यांचा कंद हातात आला, तो मी उपरण्यात गुंडाळला.

तुम्ही पायांवरची माती झटकलीत. मग म्हणालात, "दादा, माझ्या घरातलं रोप तुम्ही मला न विचारता उपटलंत?"

"हो."

"का?"

तेव्हा बोलायचं होतं. विष आहे, बाई. मी त्या दिवशी खोटं बोललो. एवढे सात-आठ शब्द. तुम्ही समोर, दार बंद, हसायला बाजार नव्हता, जाड्या बाई नव्हत्या. पण तुम्ही रागावला होता आणि मी त्या रागाला भिडलो. मला तुमच्यासमोर खाली बघता येईना. मी म्हणालो, "रानातलं रानात ऱ्हाऊ द्या."

"एवढ्याशा वेलीसाठी एवढं?"

"एवढ्याशाच वेलीसाठी."

"मग यापुढं मी तुमच्या रानात येतच नाही. नको असेल तर सांगा तसं."

"नका येऊ."

आणि मी जिने उतरलो. पापडाचं पुडकं तुमच्या खुर्चीवर राहिलं. आमच्याकडं म्हणतात, ही वेल घरात आणली की घरात भांडण लागतं. माझी आई कंद घरात आणत नसे, कुडाच्या बाहेर फडक्यात बांधून ठेवायची. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. पण त्या दिवशी जिन्यात मला आईची आठवण झाली.

वर्षभर कार्ड आलं नाही. मी पोस्टमनला विचारायचो, "काय रं, नाशिकचं काय?" तो म्हणायचा, "काय नाय बाबा." चांगुणा म्हणायची, "जा अन् सांगून या. मेल्यावर सांगणार हाय का?" मी म्हणायचो, मी जाणार नाही, त्यांना गरज असेल तर त्या येतील.

आणि तुम्ही आलात. भादव्यात, त्याच बाजाराच्या दिवशी. सरळ घरी आलात, ओट्यावर बसलात, आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "दादा, तुमचं बरोबर होतं. मी तुमच्या रानातून न विचारता उचलून आणलं आणि वर तुमच्यावरच चिडले. रानातलं रानातच राहायला पाहिजे. मी आता वर्गात पोरांना हेच सांगते." तुम्ही माफी मागितलीत. आणि बाई, मी ती घेतली. 'जाऊ द्या' म्हणालो, मोठा असल्यासारखा. चांगुणा चहा आणत होती, तिच्या हातातला कप खणखणला.

त्या दिवसापासून तुम्ही ती गोष्ट सगळ्यांना सांगत राहिलात. मला आधी माहीत नव्हतं. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळलं.

सुजातानं निरोप पाठवला होता म्हणून मी सकाळच्या गाडीनं आलो. सगळे पांढऱ्या कपड्यात, मी माझं धुतलेलं धोतर. तुमच्या फोटोसमोर मेणबत्त्या. वंदना झाली. मग हॉलमध्ये चारी बाजूंनी दोऱ्या बांधून तुमची चित्रं लावली होती, चिमट्यांनी. मी एकेक बघत गेलो, धायटी, चवर, पळस, शेवळं. प्रत्येकाखाली माझं नाव. आणि दारासमोर, सगळ्यांना पहिली दिसेल अशी, ती वेल. तिन्ही रंग. पानाचा आकडा. खाली तुमचं वळणदार अक्षर. 'गौराईचा हात. कंद उकडून खातात. पोटाला थंड. माहिती : लहानू, हरसूल.'

मग तुमच्या शाळेचे हेडमास्तर बोलायला उठले. म्हणाले, बाईंनी आम्हाला एक गोष्ट नेहमी सांगितली. एक आदिवासी म्हातारा एकदा त्यांच्या घरी आला आणि त्यांच्या कुंडीतलं रानरोप त्यानं उपटून नेलं, कारण रानातलं रानात राहायला पाहिजे. तो माणूस आज इथं आहे. आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. सगळे मागं वळून बघायला लागले. एका म्हाताऱ्या बाईनं उठून माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी मागं सरलो तर भिंत लागली.

मला त्या वेळी जमिनीत जावंसं वाटलं, आणि तिथं चकचकीत फरशी होती.

जेवणं चालली होती तेव्हा मी सुजाताला बाजूला घेतलं. तिच्या एका हातात ताटं होती आणि दुसऱ्या हातातला मोबाइल सारखा वाजत होता. मी म्हणालो, "पोरी, त्या दारापुढच्या चित्राखाली जे लिहिलंय ते चुकीचं हाय."

"कुठलं दादा?"

"कंद उकडून खात्यात, ते. ते पुस्तकात घालू नको."

डोळे भरले तिचे. म्हणाली, "दादा, आत्यानं तुमच्याकडूनच लिहून घेतलंय ना? तिचं अक्षर आहे ते. आम्ही ठरवलंय, एक काना-मात्रा बदलायची नाही. जसं तिनं लिहिलं तसं छापायचं. तिनं कधी चुकीचं काही ठेवलं नाही. चित्रं फाडायची ती."

"फाडायची," मी म्हणालो.

"मग?"

त्या 'मग'ला उत्तर होतं माझ्याकडं. ती मला चुकीचं सांगणाऱ्या माणसाचं नाव विचारत नव्हती, ते मीच सांगायचं होतं. पण तेवढ्यात हेडमास्तर ताट घेऊन जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "बाबा, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." आणि सुजाता हसली, डोळे पुसले, आणि कोणी बोलावलं म्हणून गेली.

मी जेवलो नाही. परत येताना गाडीत खिडकीला डोकं लावून बसलो. अर्ध्या रस्त्यात कोणीतरी विचारलं, "बाबा, तब्येत बरी हाय ना?" मी म्हणालो, बरी.

एक गोष्ट अजून राहिली. ती तुम्हाला आणि मलाच माहीत.

तुम्ही आजारी होतात तेव्हा मी आलो होतो. माघ होता. खाटेवर तुम्ही एवढ्याशा झाला होता, जशी कोणी चित्र काढायला घेऊन अर्धवट सोडावं. हात मात्र तसेच, नखांत रंग. मी मनाशी ठरवून आलो होतो. चांगुणानं उंबऱ्यात मला शपथ घातली होती. मी खुर्चीवर बसलो, घसा खाकरला. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "दादा, त्या वरच्या फुलाला, पोराला, मी हिरवट कमी दिला का हो?" मी म्हणालो, थोडा कमी पडला. तुम्ही हसलात. "वाटलंच मला. आता राहिला." बाहेर रिक्षा, भाजीवाला. मग तुम्ही म्हणालात, "दादा, काही सांगायचं राहिलंय का तुमचं? कुठल्या फुलाचं?"

तुम्हाला माहीत होतं का, बाई? का तुम्ही साधंच विचारलंत, जसं दर वेळी वही मिटताना विचारायच्यात? मला ते कधी कळणार नाही. माघापासून मी हे एकच वाक्य घोळवतो आहे. कधी वाटतं, तुम्ही मला वाट काढून दिली होती. कधी वाटतं, नाही, तुमचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

मी म्हणालो, "नाय."

तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. मी तुमच्या पायावर चादर सारखी केली आणि आलो.

तो 'नाय' आता मला कुठं ठेवता येत नाही. शेतात जातो, बरोबर येतो. चांगुणा काही म्हणत नाही हल्ली. तिनं मला बोलणं सोडलं, हेच मला जास्त लागतं.

म्हणून हे ताव, बाई. वाचणाऱ्यांनीही ऐकावं. माझी आई सुईण होती. त्या वेलीचा कंद ती वेल वाळल्यावर, दिवाळीनंतर काढायची. आदल्या दिवशी जाऊन बुडाशी चार तांदळाचे दाणे टाकायची आणि म्हणायची, उद्या येते, तुझं काम आहे. वेलीला आवतण. मग दुसऱ्या दिवशी उकरायची. एखादी बाळंतीण अडली, कळा येईनात, तर तो कंद तिच्या तळपायाला लावायची. तेवढाच. तोंडाजवळ कधी नाही, कंदाचा हात पाण्याच्या हंड्याला नाही. पोर रडलं की त्याच क्षणी ओल्या फडक्यानं पुसून काढायची. एकदा पुसायला उशीर झाला. ती बाई गेली. कंदानं गेली का तशीच जायची होती, आईला कळलं नाही, पण त्यानंतर आईनं त्या वेलीला पुन्हा हात लावला नाही. ती वेल दिसली की लांबून जायची. आता तर अडली बाई की जीप येते, दवाखान्यात नेते, ते बरं आहे. कोणी हा कंद लावू नये, आणि खाऊ तर अजिबात नये. उकडून नाही, भाजून नाही, चव म्हणूनसुद्धा नाही. पानाला आकडा दिसला की हात मागं घ्यायचा.

कळा आणते म्हणून तिचं ते नाव. भांडणाशी तिचा मुळात संबंध नाही. शिवी नंतर कोणी लावली ते मला माहीत नाही. 'माहीत नाही' असं मी आज लिहिलं, बघा.

सुजाता तुमचं अक्षर बदलणार नाही म्हणते. न बदलो. ते तुमचं आहे आणि सुंदर आहे. पण तुमच्या नावाखाली माझं नाव आहे, तर त्या पानासमोर माझं हे पान तिनं लावावं. शनिवारी मी गाडीनं गंगापूर रोडला जाणार आहे आणि हे सगळं तिच्यासमोर बोट ठेवून, मोठ्यानं, स्वतः वाचणार आहे. मग छापायचं का फाडायचं ते तिच्या हातात. तिनं मला घराबाहेर काढलं तरी मी जिन्यात बसून राहीन. माझ्याकडं दुसरं काही नाही.

काल मी बांधावर गेलो होतो. श्रावण आहे, करवंदीच्या जाळीवर वेल चढली आहे. खाली लाल, मधे केशरी, वर ते हिरवट पोर. मी आईसारखे चार तांदूळ टाकले आणि म्हणालो, उद्या येतो, कंद नको, एक फूल पाहिजे. आज सकाळी आणलं. हे लिहिताना ते समोर पाटावर आहे, तुम्ही धरलं होतंत तसं, तोंड खाली आणि पाकळ्या वर. घरात आणलं, तरी अजून भांडण लागलं नाही. चांगुणानं येऊन बघितलं आणि गेली.

तुम्ही विचारलं होतंत, दादा, हिचं नाव काय?

कळलावी, बाई. हसा आता.